मेव्हण्याच्या हातातला दोर

कोंडिबा ढेब्याची निम्मी हयात दोराला लटकून गेली होती. खाली दरी आ वासून बसलेली असायची, आणि हा गडी कड्याला पाय लावून विडी ओढायचा. पण त्या सकाळी त्याच्या पोटात पहिल्यांदा गोळा आला. दरी तीच होती, कडा तोच होता. दोर मात्र गप्प होता.

आता दोर गप्प होता म्हणजे काय, ते आधी सांगायला पाहिजे.

कावळधारेच्या घाटात पावसाळ्याच्या आधी सुटे धोंडे पाडायचं काम चालतं. सुटा धोंडा आपण आपल्या सोयीनं पाडला नाही तर तो त्याच्या सोयीनं पडतो, आणि तेव्हा नेमकी खालनं एखादी एसटी चाललेली असते. हल्ली या कामात ड्रोन आलेत. भुंग्यासारखे गुंगत कड्यावरनं फिरतात, कुठल्या धोंड्यामागं किती फट पडलीय ते बघतात आणि त्याच्यावर पिवळा रंग उडवून जातात. पण फटीत पहार घालून धोंडा उचकटायचा म्हटलं की माणूसच लागतो. त्याच्या कमरेला दोर. दोराचे वर लोखंडी खुंट्याला दोन वेढे, आणि वेढ्यांच्या मागं खडकाला टाचा रोवून बसलेला दुसरा माणूस. ठेकेदारानं मध्ये आपोआप धरणारी कप्पी आणून दिली होती. ती लाल मातीनं अडकली आणि एक गडी अर्ध्या कड्यात दुपारभर वाळत पडला. तेव्हापासून कप्पी गोदामात आणि माणूस परत खुंट्यावर.

या दोर धरण्याची एक रीत आहे. सख्खा भाऊ चालत नाही. भावाभावांत बांध असतो, वाटणी असते, कुणाच्या मनात काय आहे सांगता येत नाही. दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. हात सुटला तर त्याच्याच बहिणीचं कपाळ पांढरं व्हायचं. त्यामुळं मेव्हणा खाली लटकलेल्या गड्यापेक्षा जास्त भितो. आणि ती भीती दोरातनं खाली उतरते. दोर बारीक थरथरत असतो, मधनंच जरा ओढ लागते, मधनंच जरा सैल सुटते. 'आहे रे, आहे मी इथं,' असं ते सारखं बोलणं चाललेलं असतं. ते बोलणं कमरेला लागलं की खालचा गडी निवांत विडी ओढतो.

कोंडिबाचा दोर धरायचा बिरू मरगळे. कोंडिबाची बायको जना, तिचा पाठचा भाऊ. इतकी वर्षं बिरूच्या हातातला दोर म्हातारीच्या मानेसारखा हलत असायचा. आणि त्या सकाळी तो दोर खांबाला बांधल्यासारखा सरळ. ना थरथर, ना ओढ.

"बिरू!" कोंडिबानं खांद्यावरच्या वॉकीटॉकीत हाक मारली. "हायेस का?"

"हाय की दाजी," बिरूचा आवाज आला. गार, सपाट. "का वो?"

"काय नाय."

कोंडिबानं खिशातली विडी परत खिशात सारली.

बिरूचं घोडं कुठं पेंड खात होतं ते सगळ्या गँगला ठाऊक होतं. फोनवर तो 'डाव' खेळायचा. क्रिकेटच्या पुढच्या चेंडूला काय होईल, कबड्डीत पुढच्या चढाईला कोण बाद होईल, झालंच तर उद्या महाबळेश्वरला ढग येतील का, वाट्टेल त्याच्यावर पैसे लावायचा. दोन म्हशी गेल्या, बायको रुसून माहेरी गेली. जना डोळ्याला पदर लावायची आणि कोंडिबा दात खायचा.

मग सरकारनं कायदा केला, हातात लगाम बांधल्याशिवाय डाव उघडायचाच नाही. लगाम म्हणजे मनगटावरचा पट्टा. शाळेत शिबिर भरलं, तालुक्याच्या डॉक्टरीणबाई आल्या, खिलारे मॅडम. त्यांनी पट्टा सगळ्यांना हातात घेऊन दाखवला.

"हाव सुटते ती डोक्याला कळायच्या आधी अंगाला कळते," मॅडम म्हणाल्या. "तळव्याला घाम येतो. तुम्हाला कळणारसुद्धा नाही इतका बारीक. पण ओल आली की कातडीतनं वीज जरा सोपी वाहते, ती या पट्ट्याला कळते. आणि काळीज. निवांत माणसाचं काळीज जरा पुढंमागं ठोके टाकतं, रमतगमत चाललेल्या माणसासारखं. अंग तापलं की ठोके कवायतीसारखे एकसारखे पडतात. तेही याला कळतं. अंग तापलं, दिवा लाल, डावाला कुलूप. अंग निवलं, दिवा हिरवा, कुलूप उघडलं. म्हणजे तापलेल्या डोक्यानं कुणाला डाव लावताच येणार नाही."

"म्हंजी दारू प्यायची तर शुद्धीत आसताना," मागनं मुकादम आखाडे बोलला. सगळे हसले. मॅडमपण हसल्या.

पहिला महिनाभर बिरूचा दिवा लालच. शिव्या घालायचा, पट्टा खडकावर आपटायचा. पट्टा मजबूत होता. मग हळूहळू त्याला दिवा हिरवा करायची हातोटी जमली. डोळे मिटायचे, खांदे पाडायचे, मनातनं सगळं झाडून काढायचं. पुढं डोळे मिटायचीपण गरज राहिली नाही. खेळायचा, पण बेतानं. बास म्हटलं की फोन खिशात. म्हैस आली, बायको आली. जनानं गँगला शिरा वाटला. मुकादम म्हणायचा, "बिऱ्या फ्रीज झालाय फ्रीज. जवळ बसलं तरी गार वाटतं."

सगळ्यांना बरं वाटत होतं. त्यात कोंडिबानं तोंड उघडायचं तरी कसं?

त्या गप्प दोराच्या दिवसानंतर बिरू आणि त्याची बायको जेवायला आले होते. चुलीपुढं पाट, ताटात भाकरी, आणि गॅसवर कुकरात आमटी. कोंडिबा काहीतरी सांगत होता आणि कुकरचं झाकण उडालं. असा आवाज झाला की बाहेरचं कुत्रं केकाटत पळालं. जना किंचाळली, बिरूची बायको पोराला पोटाशी धरून भिंतीला चिकटली, कोंडिबा ताटासकट मागं पडला. आमटी पत्र्याला लागून खाली ठिबकत होती.

बिरू भाकरी मोडत होता. त्यानं तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला.

"आक्का, ऱ्हायली का थोडी खाली?"

मग काय, सगळे पोट धरून हसले. जनाच्या डोळ्यांतनं पाणी आलं. कोंडिबापण हसला, आणि हसता हसता त्याची नजर बिरूच्या मानेवर गेली. सगळ्यांच्या मानेतली शीर टणाटण उडत होती. बिरूची शीर हलत होती ती झोपलेल्या माणसाची हलावी तशी. त्याच्या गालावर गरम आमटीचा शिंतोडा उडाला होता, कातडी लाल झाली होती. तो पुसायलाही त्याला सुचलं नव्हतं.

ते गेल्यावर कोंडिबानं विषय काढला.

"जने, तुझ्या भावाला भ्याच वाटत नाय गं कशाचं."

"मंग? चांगलं हाय की." जना पत्रा पुसत होती.

"माझा दोर त्याच्या हातात आसतोय."

जनानं फडकं खाली टाकलं. "त्यो जुगारी व्हता तवाबी तुमचा दोर त्याच्याच हातात व्हता. तवा हात थरथरत्यात म्हून नावं ठिवायचा. आता थरथरत नायत म्हून नावं ठिवताय. माझ्या म्हायेरचं कायच तुमाला पटत नाय."

"तसं नाय गं..."

"मेव्हणा बदलायचा हाय का? बदला. पर चार माणसांत सांगा, ढेब्यांचा मरगळ्यांवर इस्वास ऱ्हायला नाय म्हून. मंग मी बी बघती माझं."

मेव्हणा बदलणं म्हणजे साधं नसतं. खुंट्यावरनं उठवलेला मेव्हणा परत त्या घरचं पाणी पीत नाही. कोंडिबा उठून गोठ्यात गेला आणि म्हशीला उगाच पेंढा टाकत बसला.

पण भीती काही त्याला बसू देईना. बाजाराच्या दिवशी तो तालुक्याला गेला आणि खिलारे मॅडमच्या दवाखान्यात रांगेत बसला. नंबर आल्यावर मॅडमनी स्टेथोस्कोप काढला.

"मला काय झालं नाय मॅडम. मेव्हण्याला झालंय. म्हंजे त्यालाबी काय झालं नाय, तेच झालंय."

त्यानं दोराचं सांगितलं, कुकरचं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरत गेला. त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"तुम्ही पहिले नाही," त्या म्हणाल्या. "एक बाई आली होती. पोराचा हात भाजला तर तिनं आधी हातातली मेथी निवडून संपवली, मग उठली. नंतर तिला आपलंच नवल वाटलं म्हणून आली. लगाम वापरतेय वर्षभर."

"पर हे झालंच कसं?"

"कुत्र्याला पंजा द्यायला कसं शिकवतात? पंजा दिला की बिस्कीट. रोज तेच केलं तर पुढं बिस्कीट नसलं तरी पंजा उचलतो. इथं बिस्कीट म्हणजे डाव. शांत झालास तर मिळेल, अंगाला एवढंच कळतं. दिवसातनं शंभर वेळा तोच धडा. आम्हाला वाटलं, माणूस मन आवरायला शिकेल." मॅडमनी बोटांनी बदामाएवढं माप दाखवलं. "मेंदूत खोल इतका एक गोळा आहे. वाघ दिसला की तो बोंब मारतो, मग काळीज उडतं, हातपाय पळायला लागतात. डाव लावतानाही तोच बोंब मारतो. वाघाची बोंब कुठली आणि डावाची कुठली, ते पट्ट्याला कळत नाही. दोन्हीला दिवा लालच. मग अंगानं सोपा मार्ग काढला. बोंब मारायचीच सोडून दिली."

"पट्टा काढला तर?"

"काहींची भीती परत आली." मॅडमनी स्टेथोस्कोप गुंडाळून ठेवला. "काहींची अजून वाट बघतेय. पट्टा बनवणाऱ्या कंपनीला चार वेळा कळवलं मी. त्यांनी मला उलट सत्काराला बोलावलं, तुमच्या तालुक्यात जुगार सगळ्यात ताब्यात आहे म्हणून." मग त्या हळूच म्हणाल्या, "कोंडिबा, त्याला दोर देऊ नका."

कोंडिबा घाटाच्या तोंडाशी उतरला तेव्हा बिरू चहाच्या टपरीवर बसलेला. म्हटलं, आता बोलून टाकू. त्यानं दोन चहा सांगितले.

"बिरू, खरं सांग. दोर धरताना तू डाव खेळतोस का रं?"

त्याला वाटलं होतं, बिरू चिडेल, नाही म्हणेल, आईची शपथ घेईल. पूर्वीचा बिरू घ्यायचा.

"व्हय," बिरू म्हणाला आणि चहाचा घोट घेतला.

"दोनी हात दोरावर आन डाव कसा खेळतोस?"

"कानात इअरफोन. त्यो इचारतो, आपण नुसतं तोंडातल्या तोंडात 'लाव' म्हणायचं." मग शाळेतल्या मास्तरासारखं त्यानं समजावून दिलं. "ऐका दाजी. घरी बाजेवर पडून शांत ऱ्हायाला काय लागतंय? ते डावालाबी कळतंय. पट्ट्याला उंची कळती, दंडावर ताण किती हाय ते कळतंय. अवघड जागी दिवा हिरवा ऱ्हायला की तुमाला वरची पायरी देत्यात. वरच्या पायरीला मोठं डाव. आपल्या तालुक्यात माझ्यावर कोण नाय."

"अवघड जागी म्हंजी?"

"दोरावर."

कोंडिबाच्या हातातला चहा बशीत सांडला. "म्हंजी मी खाली लटकलेला आसताना."

"मंग कधी? तुमी जेवढं खाली जाताय तेवढं बरं पडतंय. परवा त्या पिवळ्या धोंड्यापाशी तुमचा पाय सरकला न्हवं का, तवा माझा ठोकाबी चुकला नाय. लगेच वर चढवलं मला." हे सांगताना त्याच्या तोंडावर ना लाज, ना फुशारकी. कुणाच्या शेतात किती पोती झाली ते सांगावं तसं.

कोंडिबानं कपबशी खाली ठेवली. "पट्टा काढून दोर धरशील?"

"काढतो की."

"जनाच्या गळ्याची शपथ?"

"आक्काच्या गळ्याची शपथ. मनगटात पट्टा दिसला तर जोडा मारा."

इथं कोंडिबानं चूक केली. शहाण्या माणसानं त्याच क्षणी मुकादमाचं घर गाठलं असतं. पण आपल्यात बहिणीच्या गळ्याची शपथ घेतली की विषय संपतो. भावानं ती शपथ खोटी घेतली तर त्याला आतनं काहीतरी चावतं, या भरवशावर ती रीत चालते. बिरूच्या आत चावणारं आता काही उरलं नव्हतं, हे मॅडमनी सांगूनही कोंडिबाच्या ध्यानात आलं नाही. शिवाय जनाशी भांडण टळत होतं. त्यानं बिरूच्या पाठीवर थाप मारली आणि चहाचे पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी खुंट्यावर बिरूनं दोन्ही बाह्या वर करून मनगटं दाखवली. मोकळी होती. पट्ट्याच्या जागी कातडी पांढरी पडलेली. कोंडिबाला हायसं वाटलं आणि तो खाली उतरला.

त्या दिवशी जना वळणावर लाल झेंडा घेऊन गाड्या अडवायला उभी होती. गँगमधल्या सगळ्यांकडं वॉकीटॉकी, एकाचं बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं.

कोंडिबा मधल्या कातळावर पोचला. रंग लावलेला धोंडा त्याच्या डाव्या अंगाला होता. त्यानं पहार फटीत घातली आणि थांबला. दोर परत गप्प होता.

'मनाचे खेळ हायेत,' तो स्वतःशी म्हणाला. तेवढ्यात त्याच्या टोपीवर काहीतरी टपटपलं. वाळू. मग तुरीएवढे खडे, मग सुपारीएवढे. त्यानं मान वर केली. त्याच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीवर एक धोंडा होता. त्याला ड्रोननं रंग लावला नव्हता. म्हशीएवढा धोंडा, आणि त्याच्या बुडातनं माती झरत होती.

कोंडिबानं दोराला दोन हिसके दिले. दोन हिसके म्हणजे वर ओढ. हे लहान पोरालापण कळतं.

दोर हलला नाही.

"बिरू! ओढ! धोंडा सुटतोय वरनं, ओढ!"

"दिसतोय मला दाजी," वॉकीटॉकीतनं आवाज आला. "थांबा जरा. एक चेंडू ऱ्हायलाय."

"आरं मरतोय मी! ओढ की!"

"शांत ऱ्हावा, दाजी. घाबरून काय व्हतंय. हा एवढा एक."

खाली वळणावर जनानं हे ऐकलं. तिच्या हातातला झेंडा तसाच वर राहिला. मग ती ओरडली. ती आरोळी वॉकीटॉकीतनं सगळ्या घाटात घुमली. "बिऱ्या ऽऽ!"

"आक्का, तू मधी बोलू नगंस. दिवा हालंल."

कोंडिबानं पुढचं काही ऐकलं नाही. त्याच्या हातापायांनी आपलं आपण ठरवलं. उजव्या बाजूला कातळात एक कपार होती, माणूस अंग चोरून बसेल एवढी. त्यानं पाय कड्याला मारले, झोका घेतला, चुकला, परत घेतला. नखं तुटली. आत घुसला आणि पाठ खडकाला लावली. त्याच क्षणी उजेड गेला. धोंडा त्याच्या तोंडासमोरनं गेला, वारा लागला, आणि कमरेला असा हिसडा बसला की त्याला वाटलं आपण गेलोच. पण दोर तुटला होता. तुटलेलं टोक कपारीच्या तोंडाशी सापाच्या शेपटीसारखं वळवळलं आणि थांबलं. दरीच्या तळातनं आवाज आला तो बऱ्याच वेळानं.

कोंडिबाचे दात वाजत होते. त्याला रडू येत होतं, लघवीची भावना होत होती, आणि देवाशप्पथ सांगतो, त्याला ते सगळं फार गोड लागलं. भीती जागच्या जागी होती.

मग वरनं चपलेचा आवाज आला. कड्यावर चपलेचा आवाज यायचं काय कारण? त्यानं मान बाहेर काढली.

बिरू कडा उतरत होता. खांद्यावर दुसऱ्या दोराचं वेटोळं, त्याचं एक टोक वर खुंट्याला बांधलेलं, पण स्वतःच्या कमरेला काही नाही. एका पायात बूट होता, दुसऱ्या पायातला कुठं गळला होता कुणास ठाऊक, तिथं त्यानं कुणाची तरी चप्पल अडकवली होती. विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसा उतरत होता. पायाखालचा दगड निसटला की तो खाली बघायचाही नाही, पाय दुसरीकडं ठेवायचा. त्याचा हात सुकलेल्या गवतावर जायचा, गवत उपटून हातात यायचं, ते टाकून तो दुसरीकडं धरायचा. वर कड्याच्या काठाला मुकादम आडवा पडला होता आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले होते.

बिरू कपारीशी आला. "लागलं का वो कुठं?"

कोंडिबानं मान हलवली.

"पुढला चेंडू वाईड गेला," बिरू म्हणाला. "तुमाला थांबवलं ते वायाच गेलं." त्यानं कोंडिबाच्या कमरेला दोर बांधला, गाठ ओढून बघितली. हात दगडासारखे स्थिर. "जावा वर. मी येतो मागनं."

"तू बांध."

"मला कशाला?"

"बिरू, तू बांध!"

"आवं, उतरलो तसा चढतो की."

कोंडिबानं त्याच्या दंडाला धरून आत खेचलं आणि दोराचं उरलेलं टोक त्याच्या कमरेला गच्च बांधलं. स्वतःच्या पोटाला पोट लावून, आई लेकराला झोळीत बांधते तसं. बांधताना त्याचं लक्ष खाली गेलं. बिरूच्या बुटाच्या वरनं, मोज्यातनं, हिरवा उजेड येत होता. मनगटात पट्टा दिसला तर जोडा मारा म्हणाला होता. घोट्याचं बोलला नव्हता.

वरनं सगळ्या गँगनं मिळून दोघांना ओढलं. सबंध वाटेत कोंडिबाच्या छातीला बिरूचं काळीज लागत होतं. कोंडिबाचं उडत होतं. बिरूचं रमतगमत चाललं होतं.

वर जना पळत आली होती. तिनं आधी नवऱ्याच्या तोंडावरनं, खांद्यावरनं, पाठीवरनं हात फिरवला, सगळं जागेवर आहे का बघितलं. मग भावासमोर जमिनीवर बसली. सगळ्यांना वाटलं, आता थोबाडीत देणार.

"बिरू," ती म्हणाली, "हे खाली लटकलं व्हतं. वरनं धोंडा सुटला. तवा तुला काय वाटलं रं?"

बिरूनं खरंच आठवून बघितलं. चावी कुठल्या खिशात ठेवली ते आठवावं तसं.

"काय नाय वाटलं, आक्का."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दलबी नाय. वाटाया पायजे व्हतं, एवढं ठावं हाय मला. पयलं वाटायचं. दाजी खाली उतरलं की हितं गोळा यायचा, हात गार पडायचं." त्यानं पोटावर हात ठेवला. "आता चाचपलं तर काय लागतच नाय."

त्यानं आपण होऊन मोजा खाली केला, पट्टा सोडला आणि बहिणीच्या हातात दिला. कानातला इअरफोन काढून खडकावर ठेवला. सगळे गप्प होते म्हणून त्यातला बारीक बाईमाणसाचा आवाज ऐकू आला. "अभिनंदन! आपण पूर्ण ताब्यात आहात. पुढचा डाव लावायचा?"

मुकादमानं टाच घालून तो चुरडला.

जनानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडली. बिरूनं तिला रडू दिलं. तिच्या पाठीवर हात फिरवायचा असतो हे त्याला जरा वेळानं आठवलं, मग त्यानं फिरवला. कोंडिबा खुंट्याला टेकून बसला होता. त्याला मॅडमचे शब्द आठवत होते. काहींची अजून वाट बघतेय.

डोळे पुसून जना पाणी आणायला उठली. मुकादमानं तुटक्या दोराकडं बोट केलं आणि म्हणाला, "त्यो उचला रं, कुणाच्या पायात येईल." सहज बोलला. बिरू उठला आणि दोर गोळा करत निघाला. दोर काठावर लोंबत होता. बिरू काठाकडं पाठ करून, दोर मनगटाभोवती गुंडाळत, मागं मागं सरकत गेला. मागं बघायची त्याला काही गरज वाटली नाही. त्याच्या टाचा अर्ध्या बाहेर गेल्या. खालचा मुरूम सुटून दरीत झरायला लागला.

जनाच्या हातातनं तांब्या पडला. तिनं तोंडावर हात दाबून धरला. ओरडावं तर हा दचकेल, असं तिच्या मनात आलं असणार. मग लगेच कळलं असणार, की हा दचकणार नाहीच.

कोंडिबा हळूच उठला. जमेल तेवढ्या साध्या आवाजात तो बोलला.

"बिरू. तिथं भ्यायचं आसतं बाबा."

बिरू थांबला. त्यानं मान वळवून खाली दरीत बघितलं, मग आपल्या टाचांकडं बघितलं. "हितं?"

"हां. तिथं."

"बरं," बिरू म्हणाला. "मला कळंना झालंय दाजी. तुमी सांगत जावा." तो दोर हातात धरून तसाच उभा राहिला, टाचांखालनं खडे निसटत होते. "मंग आता काय करू?"

"पुढं ये. माझ्याकडं."

बिरूनं एक पाऊल पुढं टाकलं आणि थांबला. मागची टाच अजून फुटलेल्या मुरमावरच होती. सांगितलेलं नीट करायची इच्छा असलेल्या पोरासारखा त्यानं कोंडिबाच्या तोंडाकडं बघितलं.

"एवढं बास का, दाजी?"

"अजून," कोंडिबा दोन्ही हात पुढं करून म्हणाला. "अजून ये."